भिंतीआड जाणारा माल

विजेच्या सामानाचा व्यापार इतर किरकोळ व्यापारांहून एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. कापड घेणारा ते चिमटीत धरून चाचपून पाहतो, धान्य घेणारा दोन दाणे दाताखाली टाकतो, भांडे घेणारा ते वाजवून पाहतो. परंतु वायरीची गुंडाळी विकत घेणाऱ्या सामान्य गृहस्थाला तिच्या आवरणाखालचे तांबे कितपत शुद्ध आहे, तारेची जाडी सांगितल्याइतकी भरते की नाही आणि वेष्टनावर छापलेले नव्वद मीटर प्रत्यक्षात तेवढेच आहेत की काही कमी, यांपैकी कशाचीही परीक्षा करता येत नाही. आणि एकदा ती वायर भिंतीत जाऊन वर गिलावा बसला, की पुढची वीस-पंचवीस वर्षे ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. अशा मालाच्या विक्रेत्यावर ग्राहक जो विश्वास टाकतो, तो दुसरा इलाज नसल्यामुळे टाकतो. पुण्यातल्या बुधवार पेठेतील एका अरुंद दुकानात उमेदवार म्हणून मी लागलो आणि त्या एका दुकानाच्या पुढे पुणे, चिंचवड, सातारा, सांगली अशा शाखा होत गेल्या, तेव्हा त्यांच्या खरेदीची व देखरेखीची जबाबदारी माझ्याकडे आली. या सर्व काळात मला एकच प्रश्न पुनःपुन्हा पडत राहिला. जागा, भांडवल, माल, हे सर्व एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते. परंतु पहिल्या दुकानातल्या अनुभवी माणसाच्या ठायी असलेला विवेक, ‘हे तुम्ही घेऊ नका’ असे ग्राहकाला सांगण्याचे त्याचे धैर्य, चौथ्या-पाचव्या दुकानात कसे न्यावे?

मी रुजू झालो तो काळ १९७२ च्या दुष्काळाच्या पाठोपाठचा. तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर तेव्हाही विजेच्या सामानाबद्दल प्रसिद्ध होता. आमच्या दुकानाच्या दर्शनी भागात पितळी कॅपचे बल्ब, बेकेलाइटचे काळे होल्डर, सीलिंग रोज, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि ट्यूबलाइटचे चोक मांडलेले असत. मागच्या अंधाऱ्या खोलीत वायरींच्या गुंडाळ्या आणि सागवानी पट्ट्यांचे भारे. घरातले वायरिंग बहुधा अशा पट्ट्यांवरून उघड्यावरूनच जाई. तांब्याच्या टंचाईमुळे त्या सुमारास घरोघरी ॲल्युमिनियमची तार वापरली जात होती. वायर मागताना जुने वायरमन ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ अशी गेजची भाषा बोलत, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात. आणि नव्याने शिकून आलेले दीड व अडीच चौरस मिलिमीटर मागत. या दोन्ही भाषा ज्याला अवगत नाहीत, त्याला गल्ल्यासमोर उभे राहू देत नसत.

दुकानात एक वयोवृद्ध गुमास्ते होते. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून ते होते आणि खतावणीपासून वसुलीपर्यंत सर्व कारभार त्यांच्या हातून जाई. त्यांनी मला शिकवले ते इतकेच की, ग्राहकाने जिन्नस मागितला की आधी ‘कशासाठी हवाय?’ असे विचारायचे आणि मग फळीकडे हात न्यायचा. आरंभी मला हा फाजील चौकसपणा वाटे. गिऱ्हाईक पैसे देते, वस्तू मागते. आपण ती द्यावी आणि मोकळे व्हावे, एवढाच व्यापार मला ठाऊक होता.

एके वर्षी ऐन हिवाळ्यात सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक पाण्याचा गीझर घ्यायला आले. रक्कम मोजून तयार होती, गीझर दोन किलोवॅटचा होता आणि आमच्याकडे तो शिल्लकही होता. गुमास्त्यांनी त्यांना नेहमीचा प्रश्न केला, आणि त्यातून असे निघाले की, मास्तरांचे बिऱ्हाड जुन्या वाड्यात, वायरिंग लाकडी पट्टीवरचे, तार ॲल्युमिनियमची आणि न्हाणीघरात एकच पॉइंट, तोही पाच अँपिअरचा. दोन किलोवॅटच्या गीझरला सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह लागतो. गुमास्त्यांनी गीझर देण्याचे साफ नाकारले. ‘मास्तर, आधी मेन स्विचपासून न्हाणीघरापर्यंत स्वतंत्र लाइन टाकून घ्या, अर्थिंग करून घ्या, गीझर कुठे पळून जात नाही,’ असे त्यांनी सांगितले आणि परवाना असलेल्या एका ठेकेदाराकडे चिठ्ठी दिली. मास्तर रुष्ट होऊन गेले. त्यांनी समोरच्या दुकानातून गीझर घेतला असता, तरी त्यांना दोष देता आला नसता. परंतु पंधरवड्याने ते परत आले ते लाइन टाकून झाल्यावर. आणि त्यानंतर त्या वाड्यातली व आळीतली किती बिऱ्हाडे आमच्याकडे येऊ लागली, याची गणती कोणी ठेवली नाही. मला मात्र त्या दिवशी प्रथम कळले की, औषधाच्या दुकानाप्रमाणेच आमच्या दुकानातही मागितलेली वस्तू न देणे हा विक्रीचाच भाग आहे.

मुंबईच्या लोहार चाळीशी माझा संबंध आला तो खरेदीच्या निमित्ताने. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडचा तो भाग म्हणजे पश्चिम भारतातील विजेच्या घाऊक मालाचे एक मोठे पीठ. तेथल्या दलालांकडून मी दर काढायला शिकलो, रोखीचा व उधारीचा भाव यांतले अंतर ओळखायला शिकलो आणि नामांकित मालाच्या नकला कशा असतात हेही तेथेच पाहिले. वेष्टन हुबेहूब, छपाई जवळजवळ तीच, आय.एस.आय.ची मोहोरही उमटवलेली. फरक फक्त आत. तारेचा व्यास दहा टक्क्यांनी कमी केला, तर तिचे क्षेत्रफळ एकोणीस टक्क्यांनी घटते आणि रोध सुमारे तेवीस टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला ती तार तितक्याच प्रमाणात अधिक तापते. आवरण जर पुनर्वापराच्या निकृष्ट प्लास्टिकचे असेल, तर ते या उष्णतेने हळूहळू ठिसूळ होते. ग्राहकाला एका गुंडाळीमागे वाचतात थोडे रुपये, नकली माल विकणाऱ्याला सुटतात त्याच्या कितीतरी पट, आणि धोका उभा राहतो तो काही वर्षांनी, जेव्हा कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

आमच्या मालकांनी दुकानात एक संवेदनशील तराजू व मायक्रोमीटर आणून ठेवले आणि आलेल्या प्रत्येक खेपेतील एक गुंडाळी उघडून तार मोजण्याचा दंडक घालून दिला. उघडलेली गुंडाळी मग सुट्ट्या विक्रीला जाई. काही पुरवठादारांनी यावर नाके मुरडली. एकाने तर आमच्याशी व्यवहारच बंद केला, आणि तो बंद झाला हेच बरे झाले, असे मी आजही मानतो. पुढे २००३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने वायरी, स्विच व तत्सम अनेक वस्तूंना मानकचिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा बाजारात बराच गलबला झाला. आमच्या फळ्यांवरून त्या वेळी काहीही उतरवावे लागले नाही.

१९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि पुढे १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा आमच्या व्यवसायातील अनेकांनी वायरी-स्विचांचा खटाटोप सोडून दूरचित्रवाणी संचांची विक्री धरली. मुंबईत १९६७ साली सुरू झालेल्या विजय सेल्ससारख्या दुकानांची पुढची वाढ पाहिली, तर त्या मार्गाने केवढा विस्तार होऊ शकतो हे दिसते. खोक्यातली बंद वस्तू विकणे तुलनेने सुकर; कारखान्याची हमी, कारखान्याची जाहिरात, दुरुस्तीही कारखान्याचीच. आमच्या धाकट्या मालकांचाही ओढा तिकडे होता. थोरल्यांनी विचार केला तो वेगळा. गृहोपयोगी उपकरणे थोडी ठेवावीत, पण पाया तार, स्विच, पंखा आणि दिवा यांचाच असावा, कारण टीव्ही घेणाऱ्याच्या आधी घर बांधणारा येतो, असे त्यांचे म्हणणे पडले. या निर्णयामुळे आमची वाढ मंद झाली, हे मान्य केले पाहिजे. ती टिकाऊ झाली हेही तितकेच खरे.

पहिली शाखा चिंचवडला निघाली. अंतर थोडे, परंतु मध्ये महापालिकेची हद्द! पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ साली अस्तित्वात आली होती, आणि पुण्याच्या जकात नाक्यावर रीतसर पावती फाडून आत आणलेला माल तेथून चिंचवडला न्यावयाचा, तर त्या हद्दीत पुन्हा जकात. परतावा मागण्याची तरतूद होती. पण त्यासाठी लागणारी कागदपत्रे, शिक्के आणि फेऱ्या यांत मिळणाऱ्या रकमेहून अधिक खर्च होई. परिणामी एका ठिकाणी कोठार ठेवून सर्व दुकानांना माल पुरवावा, ही जी साखळी दुकानांची मूळ कल्पना, तीच आम्हांला दीर्घकाळ अमलात आणता आली नाही. प्रत्येक दुकानाने आपला माल स्वतंत्र मागवावयाचा, स्वतंत्र साठवावयाचा. एके ठिकाणी पंखे धूळ खात आहेत आणि पाच कोसांवर गिऱ्हाईक परत जात आहे, असा विपरीत प्रकार कितीदा तरी घडे. २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, त्यानंतरच आम्ही पुण्याबाहेर एक मोठे कोठार घेतले. जीएसटीच्या आरंभीच्या गोंधळाचा आम्हांलाही ताप झालाच. परंतु ज्याने जकात नाक्यावर रात्री काढल्या आहेत, त्याला या बदलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

साताऱ्याच्या शाखेने आम्हांला जे शिकविले, ते पुण्यात शंभर वर्षे राहूनही कळले नसते. दुकान प्रशस्त होते, बाजारपेठेत मोक्याच्या जागी होते, आणि आम्ही ते पुण्याच्या पद्धतीने सजविले: झुंबरे, शोभेचे दिवे, नव्या घाटाचे पियानो स्विच. पहिल्या उन्हाळ्यात माणसे येत, पाहत, आणि पंपाचा स्टार्टर आहे का, पाणबुडी पंपाची तीन कोअरची चपटी केबल आहे का, कपॅसिटर आहे का असे विचारून परत जात. दुष्काळानंतरच्या काळात विहिरींवर विजेचे पंप झपाट्याने बसले होते, आणि त्या भागातील विजेच्या दुकानाचा खरा ग्राहक शेतकरी होता. हे ध्यानात येताच झुंबरे उतरविली गेली आणि त्यांच्या जागी स्टार्टर, मेन स्विच, फ्यूजच्या तारा आणि केबलची रिळे आली. पुण्याहून पाठविलेल्या व्यवस्थापकाऐवजी मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम केलेला एक स्थानिक तरुण तेथे नेमण्यात आला. तीन फेजचा दाब चारशे पंधरा व्होल्टवरून सव्वातीनशेपर्यंत उतरला की मोटार अधिक प्रवाह कसा ओढते आणि जळते, हे तो शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत पटवून देऊ शके.

तेथेच आमच्यापुढे एक असा प्रश्न आला, ज्याचे समाधानकारक उत्तर मला अद्यापि मिळालेले नाही. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीने येते. वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी ‘ऑटो स्विच’ बसवीत. परंतु वीज आली त्याच क्षणी परिसरातील सर्व पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर असह्य भार पडतो, ते जळते, आणि मग सर्वांचेच पाणी कित्येक दिवस बंद पडते. वीज कंपनी ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वारंवार करीत असे, व ते शास्त्रदृष्ट्या योग्यच होते. आम्ही ऑटो स्विच ठेवणे बंद केले. तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने आमच्या त्या तरुणाला विचारले, ‘भाऊ, रात्री दोनला लाइट येती. थंडीत, अंधारात, उसातनं विहिरीवर जायचं कुणी? पायाखाली जनावर आलं तर तुझा कपॅसिटर काय करंल?’ त्याला उत्तर नव्हते. रोहित्र वाचविणे आवश्यक आणि माणूस वाचविणेही आवश्यक, आणि यांतले एक आमच्या फळीवर अवलंबून! आम्ही आमचा निर्णय बदलला नाही. पण तो योग्यच होता अशी खात्री मला कधी वाटली नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी कानी येते, तेव्हा तो शेतकरी मला आठवतो.

आता ज्या विषयाबद्दल या व्यवसायात सर्वांना ठाऊक असून कोणी उघड बोलत नाही, त्याबद्दल लिहिणे मी कर्तव्य समजतो. घरमालक क्वचितच स्वतः माल निवडतो. निवडतो तो त्याचा वायरमन. वायरमन ग्राहकाला ज्या दुकानात नेतो, ते दुकान बिलाच्या शेकडा काही भाग त्याला मागाहून गुपचूप देते, आणि तो भाग अर्थातच बिलात आधी चढविलेला असतो. जो माल अधिक दलाली देतो तोच उत्तम, असे मग ठरू लागते. विजेच्या कायद्याखालील नियमांनी परवानाधारक ठेकेदारावर घराच्या वायरिंगची जबाबदारी टाकलेली, त्याच्या चाचणी अहवालावाचून मीटर मिळत नाही. आणि त्याच माणसाच्या निवडीवर ही छुपी दलाली आपले वजन टाकीत असते. तथापि वायरमनला केवळ दोष देणेही अन्यायाचे होईल. त्याची मजुरी तुटपुंजी, ती देताना घरमालक घासाघीस करतो, पडझड झाली, झटका बसला तर पाठीशी कोणी नाही. दलालीवाचून त्याचे घर चालत नाही, हे मी अनेकांच्या घरी जाऊन पाहिले आहे.

आमच्या पेढीने ही पद्धत एका दसऱ्यापासून बंद करावयाचे ठरविले. त्याऐवजी नियमित येणाऱ्या वायरमनांना पेढीच्या खर्चाने अपघाती विमा, ठराविक मुदतीची उधारी, आणि आरसीसीबी (म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच), लोड वाटप, अर्थिंग अशा विषयांवर मोफत वर्ग असे आम्ही देऊ केले. दर सर्वांना एकच, आणि तो फलकावर लिहिलेला. पुढील दोन हंगाम विक्री इतकी खाली गेली की, धाकट्या मालकांनी हा नाद सोडावा असे थोरल्यांना माझ्यादेखत सांगितले. जे वायरमन गेले, त्यांतले कित्येक परत आले नाहीत. जे राहिले त्यांच्यापैकी काहींनी मात्र पुढे स्वतःची ठेकेदारी उभी केली आणि मोठमोठ्या सोसायट्यांची कामे आमच्याकडे आणली. दलाली आमच्या सर्व शाखांतून समूळ गेली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी ती कोणत्या ना कोणत्या रूपाने आत येतच राहिली, आणि ती आली हे कळताच माणसे बदलण्याचे अप्रिय काम मला करावे लागले.

२००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या यांची त्या काळात एवढी मागणी होती की, माल उतरवून घेण्याआधीच विकला जाई. सांगलीच्या शाखेची जागा त्याच नफ्यातून झाली. परीक्षेच्या दिवसांत मुलाला अभ्यासाला उजेड हवा म्हणून हप्त्याने इन्व्हर्टर घेणारे आई-बाप माझ्यासमोर बसत, तेव्हा लोकांच्या अंधारावर आपली वाढ होत आहे, या जाणिवेने मन अस्वस्थ होई. त्याच सुमारास तांब्याचा जागतिक भाव भडकला. २००६ मध्ये तो टनाला आठ हजार डॉलरच्या वर गेला आणि २००८ च्या अखेरीस तीन हजारांच्या खाली कोसळला. वायरीचे दर आठवड्याला बदलत. चढत्या भावाच्या आशेने कोठारे भरून ठेवणारे किती तरी व्यापारी त्या घसरणीत बुडाले. आमच्या पेढीने एका महिन्याच्या विक्रीपेक्षा अधिक वायर ठेवावयाची नाही हा जुना नियम मोडला नाही, म्हणून आम्ही तरलो.

एलईडीने मात्र जे केले, ते कोणत्याही मंदीने केले नव्हते. पूर्वीचा तारेचा बल्ब सुमारे हजार तास जळे, म्हणजे काही महिन्यांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात. आणि बल्ब घ्यायला आलेला माणूस जाता जाता ‘पंख्याचा आवाज येतो हो,’ असे सांगे, त्यातून पुढचे काम निघे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या उजाला योजनेने नऊ वॅटचे दिवे स्वस्तात घरोघरी गेले, भाव झपाट्याने उतरले, आणि दिवा वर्षानुवर्षे टिकू लागला. देशाची वीज वाचली, ग्राहकाचे बिल उतरले; हे निखालस चांगले झाले. परंतु त्याबरोबर दुकानात येण्याचे निमित्तही नाहीसे झाले, आणि जे येतात ते हातातल्या फोनवर दुसरीकडचा भाव पाहतच येतात.

अशा स्थितीत सुट्ट्या सामानाचा काउंटर बंद करावा, असा प्रस्ताव नव्या पिढीकडून आला. ट्यूबचा स्टार्टर, पेंडंट होल्डर, सिलिंग फॅनचा अडीच मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर, टॉप, फ्यूजची तार या जिनसांत सुटते काय, आणि त्यासाठी अडते किती जागा, असा त्यांचा हिशेब होता, व तो आकड्यांनी अचूक होता. दोन शाखांत तसे करून पाहण्यात आले. एका वर्षात तेथील पंख्यांची व वायरीचीही विक्री उतरली, कारण कंडेन्सर घ्यायला येणारा माणूसच उद्याचे घर बांधणारा होता. त्यांपैकी एका शाखेत तो काउंटर पुन्हा उघडला आहे. दुसरी शाखा मिटवावी लागली.

बुधवार पेठेतील मूळ दुकानाच्या त्या काउंटरवर आज आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली एक तरुणी उभी असते. आमच्या पेढीत या जागेवर आलेली ती पहिलीच स्त्री. आरंभी काही वायरमन तिला ओलांडून मागच्या माणसाला हाक मारीत. आता लोडचा हिशेब करून घ्यायला तेच तिच्याकडे येतात. तिने मालकांना एक लेखी सूचना दिली आहे: प्रत्येक शाखेत एका फलकावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी जोडून, गळती होताच तो वीज कशी तोडतो हे ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावे, आणि ज्यांच्या न्हाणीघरात गीझर आहे त्यांना आरसीसीबी घेतल्याशिवाय सोडू नये. खर्च बराच आहे, आणि जागाही तीच जाणार आहे जी वाचविण्याची भाषा नुकतीच चालू होती. मंजुरी अद्याप आलेली नाही. माझा अनुकूल शेरा मी त्या कागदावर लिहून दिला आहे आणि पुढच्या बैठकीला स्वतः हजर राहणार आहे.